वर्ध्याचा ‘अ’

अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशनाचे चाळीस-पन्नासच्या दशकातले एखादे हिंदी पुस्तक जुन्या पुस्तकांच्या ढिगात हाती लागले, तर पहिल्याच पानावर डोळे अडखळतात. ‘इस’च्या जागी ‘अिस’, ‘उन’च्या जागी ‘अुन’, ‘एक’च्या जागी ‘अेक’. आधी वाटते, मुद्राराक्षसाचा प्रताप. मग दुसऱ्या ओळीत तेच, दहाव्या पानावर तेच, शेवटच्या पानावरही तेच. चूक इतक्या शिस्तीने होत नाही. हे कुणीतरी ठरवून, नियम बांधून केलेले काम आहे.

ते ठरवणाऱ्यांचा माग काढत गेले की वाट वर्ध्याला पोचते.

आज संगणकाच्या जगात प्रमाणके ठरवण्याची एक रीत रुळली आहे. बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत नवा नियम आणायचा तर आधी मसुदा लोकांपुढे ठेवतात, हरकती मागवतात, वापरून पाहतात आणि मग शिक्कामोर्तब करतात. ही रीत संगणकवाल्यांनीच शोधली असे आपल्याला वाटते. पण वर्ध्यात गेल्या शतकात आपल्याच लिपीवर असा एक मोठा प्रयोग झाला. प्रस्ताव आला, तो छापून वापरात आणला गेला, हजारो हातांतून गेला आणि अखेर वाचकांनी त्याचा निकाल लावला. तो निकाल कसा लागला, हे प्रमाणके बनवणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे.

खिळ्यांचे ओझे

प्रश्न सुरू झाला छापखान्यात. इंग्रजीच्या जुळाऱ्याला सव्वीस अक्षरे, त्यांची लहान-मोठी रूपे, आकडे आणि विरामचिन्हे एवढ्यावर भागते. नागरीच्या जुळाऱ्यापुढे मात्र शेकडो खिळ्यांच्या पेट्या मांडलेल्या असत. व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, वर-खाली बसणाऱ्या मात्रा, रफार आणि जोडाक्षरांची तर रांगच. ‘द्ध’चा खिळा वेगळा, ‘द्य’चा वेगळा, ‘द्व’चा वेगळा. एक ओळ जुळवायला हात लांबवर फिरत राहायचा. ‘केसरी’साठी टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता, तो हौसेपोटी नव्हे. रोजच्या धंद्यातली ती अडचण होती.

पुढे यंत्रे आली तशी अडचण वाढली. हरि गोविल यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी लायनोटाइप यंत्रावर देवनागरी आणली. पण त्या यंत्राच्या कळा नव्वद, आणि टंकलेखन यंत्राच्या त्याहूनही कमी. आता लिपीनेच अंग चोरावे, अशी मागणी होऊ लागली.

याच काळात स्थानबद्ध सावरकर रत्नागिरीत लिपिशुद्धीचा प्रचार करत होते. त्यांच्या मांडणीतला सगळ्यात ठळक भाग म्हणजे ‘अ’ची बाराखडी. ‘क’ला वेलांटी दिली की ‘कि’ होतो, उकार दिला की ‘कु’ होतो, मग ‘अ’लाही तोच न्याय का नको? अ, आ, अि, अी, अु, अू, अे, अै, ओ, औ. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही सहा वेगळी अक्षरे एकदम रजेवर.

हा तर्क वरवर वाटतो तितका विक्षिप्त नाही. ‘आ’, ‘ओ’, ‘औ’ नीट पाहा. तिन्ही अक्षरे ‘अ’वरच उभी आहेत. ‘ओ’ म्हणजे ‘अ’ला काना आणि मात्रा. जी गोष्ट ‘ओ’ला चालते ती ‘ए’ला का चालू नये? शेजारच्या गुजरातीने हे कधीच मान्य केले आहे. तिथला ‘ए’ म्हणजे ‘अ’वर एक मात्राच. सुधारकांचे म्हणणे एवढेच होते की लिपीने अर्ध्यावर सोडलेली वाट पुरी करावी.

इंदूरहून वर्ध्याला

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन इंदूरला भरले. अध्यक्ष होते गांधीजी. तिथे नागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली गेली आणि तिची धुरा काका कालेलकरांकडे आली. निवड नेमकी होती. कालेलकर साताऱ्याचे, घरची भाषा मराठी. लेखन मात्र गुजरातीत इतके रसाळ की गुजरातने त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. काम हिंदीच्या प्रचाराचे. तीन भाषा आणि दोन लिप्या ज्याच्या बोटांत रोज खेळतात, त्याला ‘अ’वरची मात्रा परकी वाटणारच नव्हती.

कालेलकरांच्या समितीने ‘अ’ची बाराखडी उचलून धरली. हाताने लिहिताना शिरोरेषा दिली नाही तरी चालेल, छापताना असावी, अशीही तिची भूमिका होती. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, नागपूरच्या अधिवेशनात राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना ठरली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते. समितीचे ठाणे ठरले वर्धा.

त्या वर्षांतले वर्धा गाव डोळ्यांपुढे आणायला हवे. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधीजी इथे आलेले. मगनवाडीत कुमारप्पा ग्रामोद्योगांची घाणी-चक्की नव्याने घडवत होते. गांधीजी स्वतः १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले, ते पुढे सेवाग्राम झाले. सूत, कागद, तेल, गूळ, सगळ्यावर प्रयोग चाललेले. शिक्षणही त्यातून सुटले नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि दीड महिन्याच्या आत तिचा अहवाल तयार झाला. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर परिषदेतच टीका झाली होती. अहवालाने तो सूर बराच मवाळ केला. कल्पना मांडायची, ती लोकांपुढे ठेवायची, खरचटली तर दुरुस्त करायची, ही वर्ध्याची तेव्हाची चाल होती.

लिपीचेही तसेच. कालेलकरांच्या मंडळींनी नुसता ठराव करून तो फायलीत ठेवला नाही. राष्ट्रभाषा प्रचार समितीची पुस्तके ‘अ’च्या बाराखडीत छापली जाऊ लागली. समितीच्या ‘परिचय’, ‘कोविद’ अशा परीक्षांना हिंदीबाहेरच्या प्रांतांतले विद्यार्थी बसत. गुजरातेतला, ओडिशातला, आसामातला एखादा मुलगा हिंदीचा पहिला धडा गिरवायचा, तो ‘अिस’ आणि ‘अुस’ असाच. नवजीवनच्या हिंदी पुस्तकांनी हीच धाटणी घेतली. इकडे मराठीत ‘किर्लोस्कर’ मासिकांच्या पानांवर ‘अितिहास’ आणि ‘अुद्योग’ दिसू लागले. राजकारणात एकमेकांचे तोंड न पाहणारे सावरकर आणि गांधीजींचे सहकारी या सहा अक्षरांच्या बाबतीत मात्र एकाच पंगतीला बसले होते.

आजच्या संगणकवाल्यांच्या दृष्टीने पाहिले तर याहून चांगली सुरुवात काय असणार? मागे नामांकित संस्था, पुढे तर्कशुद्ध मसुदा, आणि तो प्रत्यक्ष चालवून दाखवणारा छापखाना. तरीही तो पडला.

उत्तर टपालाने आले नाही

तो पाडायला कुणी मोर्चा काढला नाही. लोकांनी एवढेच केले की आपल्या घरच्या चिठ्ठीत, दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत ‘इ’ तसाच ठेवला.

समितीचा विद्यार्थी परीक्षा पास व्हायचा आणि काशी-प्रयागहून आलेले हिंदी वर्तमानपत्र उघडायचा. तिथे ‘इस’ छापलेले. म्हणजे त्याला दोन्ही शिकावे लागायचे. सहा अक्षरे वाचवायला निघालेल्या सुधारणेने शिकणाऱ्याच्या पदरात सहा जादा रूपे टाकली. जुने ग्रंथ, पोथ्या, सातबारा, कोर्टाचे कागद, सगळे जुन्या वळणात. ते कुणी नव्याने छापणार नव्हते.

दुसरी अडचण डोळ्यांची. सरावलेला वाचक अक्षर अक्षर लावत नाही, तो ओळखीचा शब्द एका नजरेत टिपतो. ‘ईश्वर’ हा आकार एका झटक्यात आत जातो. ‘अीश्वर’पुढे मात्र नजर थबकते, ‘अ’ वाचते, मग वेलांटी लावते, मग अर्थाकडे वळते. हा क्षणभराचा अडथळा ओळीत चार वेळा आला की वाचक पुस्तक मिटतो. हिशेब मांडला तर गोची इथेच आहे. सोय झाली ती छापणाऱ्याची, किंमत मोजली ती वाचणाऱ्याने. आणि वाचणाऱ्याला समितीच्या बैठकीत खुर्ची नव्हती.

तशात वर्ध्यातला वादच दुसरीकडे वळला. अक्षराचे वळण कोणते, यापेक्षा लिपी एक की दोन, हा प्रश्न पेटला. नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्यांतली हिंदुस्तानी पुढे नेण्यासाठी १९४२ मध्ये वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली. गांधीजी १९४५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. मोठ्या भांडणात ‘अ’वरची वेलांटी मागे पडली.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, संयुक्त प्रांताच्या सरकारने आचार्य नरेंद्र देव यांची समिती नेमली. तिने ‘अ’ची बाराखडी नाकारली. बारा वर्षे छापखान्यात फिरलेल्या प्रयोगावर तिने कागदोपत्री शेवटची रेघ ओढली. निकाल मात्र त्याआधीच लागला होता.

वेलांटीची घरवापसी

यातून धडा घेतला गेला का? नाही. नोव्हेंबर १९५३ मध्ये लखनौला मोठी परिषद भरली, अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन. तिथे ठरले की ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडेच काढावी, फक्त तिचा दांडा आखूड ठेवावा. यंत्राच्या दृष्टीने सोयीचे. ‘कि’मध्ये वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, उच्चार मात्र ‘क’चा आधी, हा उलटा क्रम एकदाचा सुटणार होता.

पण ‘की’ आणि ‘कि’ यांतला फरक आता दांड्याच्या लांबीवर आला. शाळेतल्या पोराच्या बोरूतून, कुबट कागदावर, मिणमिणत्या दिव्यात तो आखूड दांडा किती आखूड राहणार? उत्तर प्रदेशात तक्रारी साचल्या आणि १९५७च्या परिषदेत वेलांटी पुन्हा आपल्या जुन्या जागी, डावीकडे गेली. चार वर्षांत घरवापसी.

वर्ध्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, पवनारच्या धाम नदीकाठी, विनोबांनी आपली वेगळी वाट धरली. त्यांच्या लोकनागरीत ऱ्हस्व इकारही अक्षरानंतर येई आणि जोडाक्षरे हलंत चिन्हाने लिहिली जात. भूदानाच्या साहित्यात ही लिपी छापली गेली. सोबत वाचकासाठी खुलासा असे, कोणते चिन्ह कशाच्या जागी समजायचे ते सांगणारा. विनोबांनी ही लिपी कुणाच्या माथी मारली नाही. पण ज्या लिपीला प्रत्येक वेळी किल्ली सोबत द्यावी लागते, ती लिपी अजून घरची झालेली नसते.

या साऱ्या खटपटीत एक गंमत मात्र मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी. उत्तरेत ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ यांची वळणे वेगळी होती. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये प्रमाण देवनागरी वर्णमाला ठरवली, तेव्हा या तिन्हींसाठी मुंबईकडची वळणे पक्की झाली. ‘ल’ आणि ‘श’ मात्र उत्तरेच्या वळणाचे राहिले. आज दिल्लीतले पोर ‘अ’ गिरवते तो आपला ‘अ’ आहे. यासाठी कुणी नवे अक्षर घडवले नव्हते. निर्णयसागरसारख्या मुंबईच्या छापखान्यांतून निघालेल्या ग्रंथांनी ती वळणे आधीच देशभर नेली होती. समितीने नवे काही लादले नाही, लोकांच्या नजरेला आधीच सरावलेले होते त्यावर शिक्का मारला. म्हणून ते टिकले.

पत्र लिहिण्याची सोय

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत १९८३ मध्ये ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेचे प्रमाणक ठरवायला एक समिती बसली. तिने मसुदे जाहीर करून लोकांचे अभिप्राय मागवले. एका मसुद्यात ‘नोएलियस’ नावाचा एक नवा शब्द घालण्यात आला. त्यामुळे यंत्राचे काम वेगाने होईल, हा हेतू. तो मसुदा लोकांपुढे गेला, तेव्हा १९८८ मध्ये खुद्द भाषेचे जनक डेनिस रिची यांनी समितीला खरमरीत निवेदन पाठवले. हा शब्द धोकादायक आहे, तो काढलाच पाहिजे, यात तडजोड नाही, असा त्याचा रोख होता. समितीने शब्द काढला. १९८९ मध्ये प्रमाणक निघाले ते त्याच्याविनाच.

‘अि’ आणि ‘नोएलियस’ या एकाच जातीच्या दोन कल्पना. दोन्हींत यंत्राची सोय, दोन्हींत वापरणाऱ्याच्या डोक्याला ताप. पण एकीला नकार मिळाला तो शिक्का बसण्यापूर्वी, लेखी आणि कारणांसह. दुसरीला नकार मिळाला तो पुस्तके छापून झाल्यावर, मुले शिकून झाल्यावर, आणि तोही मुकाट्याने. लोक उत्तर दोन्हीकडे देतात. ते विचारून घेतले तर महिन्यांत मिळते. न विचारता मिळते तेव्हा एक पिढी खर्ची पडलेली असते.

हे आपल्याकडे अजूनही पुरते उमगलेले नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीच्या देवनागरी लिपीबाबत निर्णय काढला. त्यानंतर शालेय पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’, ‘पद्‌धत’ अशी पायमोडकी जोडाक्षरे दिसू लागली. मुलाला अभ्यासाला घेऊन बसलेल्या पालकांनी कपाळाला हात लावला. आजीच्या पोथीत ‘द्ध’, बाबांच्या अर्जात ‘द्ध’, आणि पुस्तकात पाय मोडलेला ‘द्’. पवनारच्या हलंताची आठवण यावी असे हे दृश्य. फरक एवढाच की पवनारने ते ऐच्छिक ठेवले होते.

अक्षरांचे नंबर

खिळे गेले, लायनोटाइप गेले. आता प्रत्येक अक्षराला नंबर असतो. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने प्रमाण केला. युनिकोडने आपली देवनागरी त्याच्या १९८८च्या आवृत्तीवरून बेतली. जागा पुरेशी असल्याने आता अक्षरे वाचवायची गरज उरली नाही. पण वर्ध्याचा प्रश्न वेगळ्या वेशात परत आला.

मराठीचा एक खास दागिना घ्या, ‘ऱ्य’. ‘आचार्यांना’ म्हटले तर गुरुजींना, ‘आचाऱ्यांना’ म्हटले तर स्वयंपाक्याला. हिंदीला हा भेद लागत नाही, आपल्याला तो रोज लागतो. युनिकोडमध्ये हा ‘ऱ्’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता दिलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलंत लावायचा. दोन, साधा ‘र’, हलंत आणि मग एक अदृश्य सांधणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे.

समजा वर्ध्यातला एक विद्यार्थी कापसाच्या हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम लिहितो आहे. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००८ पासून, चलाला देवनागरी नाव देता येते. त्याने नाव दिले ‘शेतकऱ्यांची_संख्या’. पहिल्या प्रकारचा ‘ऱ्’ असेल तर प्रोग्रॅम निमूट चालतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर पायथॉन अडून बसतो, कारण नावात अदृश्य चिन्ह त्याला चालत नाही. तेच नाव जावास्क्रिप्टमध्ये घातले तर ती दोन्ही चालवून घेते. तिच्या प्रमाणकात २००९ पासून या चिन्हाला जागा आहे. विद्यार्थी पडद्याकडे पाहत राहतो. डोळ्यांना दिसते ते अक्षर बरोबर, तरी यंत्र म्हणते चूक. १९४० साली ‘अिस’ वाचून ‘इस’पुढे गोंधळलेल्या मुलाचा हा नातू शोभावा. या नातवाला मात्र आजोबाला नव्हती अशी एक सोय आहे. युनिकोड असो वा पायथॉन, मसुद्यावरचे म्हणणे तिथे कुणालाही मांडता येते. ते मराठीतली उदाहरणे देऊन मांडणारे आपल्याकडे किती निघतात, हा प्रश्न त्या संस्थांचा नाही, आपला आहे.

आणि शेवटी, वर्ध्याचा ‘अ’ अगदीच हरला का? इंग्रजी शब्दांसोबत एक स्वर मराठीत आला, ‘बॅट’मधला. तो शब्दाच्या आरंभी आला तर लिहायचा कसा? एक वाट होती ‘ए’वर चंद्र देण्याची, ‘ऍ’. मराठी हाताने हळूहळू ‘अ’वर चंद्र दिला आणि ‘ॲ’ लिहिले. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीने त्याला स्वतःचा नंबर दिला, आणि २००९च्या शासननिर्णयाने त्याला वर्णमालेत ‘ऑ’च्या पंगतीला बसवले.

‘अ’ घ्यावा, वर खूण द्यावी, नवा स्वर तयार. ही तर वर्ध्याचीच बाराखडी. ‘इ’ आणि ‘उ’ हे आकार लोकांच्या नजरेत आधीपासून घर करून होते, त्यांना बाहेर काढायला गेलेला ‘अ’ दारातून परतला. ‘ॲ’ची खोली रिकामी होती, तिथे तोच ‘अ’ बिनबोभाट राहायला आला. आज वर्ध्याच्या बाजारात दुकानदार ‘ॲप’ लिहितो, तेव्हा त्याच्यापुढे ना कालेलकर असतात ना सावरकर. तरी त्या बाराखडीतली एक ओळ तो रोज गिरवतो.